गाणाऱ्याला वेळ द्या

डिसेंबरात तानसेन समारोहाची, म्हणजे ग्वाल्हेरच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाची, संध्याकाळची सभा उठली की हजीऱ्याबाहेरच्या, तानसेनाच्या समाधीपाशी असलेल्या चहाच्या टपरीवर आमचा घोळका हमखास थांबतो. ग्वाल्हेरची थंडी, कानाला मफलर, हातात वाफाळता ग्लास आणि वाद दरवर्षी तोच: आजवर समोर बसून ऐकलेल्यांत सगळ्यांत भारी कोण?

गेल्या डिसेंबरातही तेच झालं. शेजारच्या काकांचं उत्तर ठरलेलं असतं. ग्वाल्हेर घराण्याचे पंडित कृष्णराव शंकर पंडित. काका पंचाहत्तरीचे आहेत. पंडितजींना त्यांनी ऐकलं तेव्हा पंडितजींची ऐंशी उलटलेली होती, तरी लय हातातून सुटत नव्हती, असं सांगताना काकांचा आवाज आजही बदलतो. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसबहिणीचं उत्तर सवाई गंधर्व महोत्सवातल्या शेवटच्या पहाटेचे भीमसेन जोशी. आणि माझा पुतण्या, वय चोवीस, गुडगावला नोकरी, त्याने शांतपणे सांगितलं की त्याच्यासाठी जानेवारी २०२५मधला अहमदाबादचा कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम. स्टेडियमात लाखावर माणसं होती आणि आपण रडलो, असंही त्याने लपवलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. काका म्हणाले, ते काय गाणं आहे का. पुतण्या म्हणाला, तुम्ही ऐकलंत कुठे. बहीण म्हणाली, दोघांची तुलनाच चुकीची आहे. टपरीवाल्याने दुसरा चहा ओतला. मी गप्प होते, कारण त्या सगळ्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट दिसत होती आणि ती त्यांच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं.

एकानेही पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम सांगितला नव्हता.

काकांच्या आठवणीत संध्याकाळ सुरू होऊन रात्र होते. बहिणीच्या आठवणीत पहाट आहे, म्हणजे त्याआधी अख्खी रात्र आहे. पुतण्या दुपारपासून रांगेत उभा होता आणि नंतर दोन तास उभ्याने ऐकत होता. घराणं वेगळं, देश वेगळा, वाद्यं वेगळी, पण लक्षात राहिलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला ऐसपैस वेळ होता. मी तेव्हापासून ज्याला त्याला विचारत सुटले आहे, तुमची आयुष्यातली मैफल कोणती, आणि ती किती वेळ चालली? घड्याळाकडे बघून उरकलेला कार्यक्रम अजून एकानेही सांगितलेला नाही.

म्हणून मला वाटतं, ‘सर्वांत भारी कोण’ हा वाद आपण नावांवर घालतो तिथेच चुकतो. तो वेळेवर घालायला हवा. आज आपल्या शास्त्रीय संगीताच्या मंचावर गाणाऱ्याला जो पंचेचाळीस मिनिटांचा वेळ मिळतो, त्यात कुणाच्याच आयुष्यातली मैफल घडणं शक्य नाही. चूक गळ्यांत नाही, कार्यक्रमपत्रिकेत आहे.

मी स्वतः गायिका नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गुरुजींकडे बारा वर्षं शिकले, गळा बेताचाच निघाला, पण सुराला कान चांगला म्हणून गुरुजींनी हातात तानपुरा दिला तो कायमचा. बाहेरून येणाऱ्या गायक-गायिकांच्या मागे बसून साथ करणं हे गेली पंचवीस वर्षं माझं काम आहे, आनंदाचं काम आहे. श्रोत्याला गाणारा समोरून दिसतो, मला पाठीमागून. पाठ फार खरं बोलते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात मी एका तरुण गायिकेच्या मागे होते. तिशीची असेल. कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, पुन्हा त्या मनोगतावर आभार, यात पावणेआठ वाजले. विंगेत आमचे तानपुरे लावून तयार होते. उघड्या पटांगणात आल्यावर थंडीने तारा चढल्या. तानपुरा हा चटकन ऐकणारा प्राणी नाही. जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे करावा लागतो, मण्याने सूर बारीक मिळवावा लागतो, आणि मग दहाएक मिनिटं तो नुसता वाजू द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो बसतो. आम्हाला दोन मिनिटं मिळाली.

तिने केदार राग घेतला. तिलवाडा तालात, विलंबित म्हणजे संथ लयीत. ग्वाल्हेरच्या शिस्तीप्रमाणे आधी स्थायी-अंतरा पूर्ण मांडला, मग खाली येऊन एकेक सूर उघडायला लागली. केदारात मध्यमावर थांबण्याची एक जागा असते. तिथे गाणारा स्थिरावला की ऐकणाऱ्याचा श्वासही थांबतो. ती त्या मध्यमावर येऊन उभी राहिली. तिची पाठ सैल झाली, खांदे उतरले. मला कळलं की आता हिची तब्येत लागली. नेमकं तेव्हाच उजव्या बाजूने एक हात आला आणि हार्मोनियमवर चिठ्ठी ठेवून गेला. ‘५ मिनट.’

तिने चिठ्ठी वाचली हे मला पाठीवरूनच कळलं. खांदे पुन्हा वर गेले. एक तान घेऊन तिने सम गाठली, तबल्याकडे बघितलं आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतली चीज, सुरू केली. टाळ्या मिळाल्या, भरपूर मिळाल्या. विंगेत आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “ताई, आज केदार झालाच नाही.”

त्या दिवशीचे श्रोते टपरीवर गेले असतील तेव्हा तिच्याबद्दल काय बोलले असतील? “चांगली गाते, पण जुन्यांची सर नाही.” हेच वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं, आणि ते खोडून काढण्यासाठीच मी हे लिहिते आहे. जुन्यांना जी रात्र मिळाली ती हिला मिळाली असती तर सर होती की नव्हती हे ठरवता आलं असतं. आपण तिला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं आणि वर म्हणतो, हिने घर पाहिलं नाही.

साधा हिशोब मांडून बघा. विलंबित तिलवाड्याच्या सोळा मात्रा. ग्वाल्हेरची विलंबित लय फार रेंगाळणारी नसते, तरी एक आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं असं धरा. पंचेचाळीस मिनिटांतून सूर जुळवणं, दोन शब्द बोलणं, शेवटचं भजन आणि द्रुत वजा केलं तर बड्या ख्यालाला उरतात वीस मिनिटं. म्हणजे चाळीस आवर्तनं. त्यातली आठ-दहा स्थायी-अंतरा नीट मांडण्यात गेली. उरलेल्या तिसात आलाप, बहलावा, बोलअंग, लयकारी, ताना. ज्या गायकीला आम्ही अभिमानाने अष्टांग म्हणतो, तिच्या एकेका अंगाच्या वाट्याला चार आवर्तनंसुद्धा येत नाहीत. गाणाऱ्याने चूक करायची कधी, चुकीतून सावरायचं कधी, आणि सावरताना जे नवीन सापडतं ते सापडायचं कधी? सुरक्षित, घोटून आणलेलं तेवढंच गायलं जातं. दोष द्यायला जागा राहत नाही, आणि आठवणीत राहायलाही काही उरत नाही.

याला दोन उत्तरं मला नेहमी मिळतात. दोन्ही विचार करण्यासारखी आहेत.

पहिलं उत्तर तबकड्यांचं. रहिमत खाँसाहेब, ग्वाल्हेरची गायकी घडवणाऱ्या हद्दू खाँचे चिरंजीव, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणायचे, त्यांचं जे गाणं आज आपल्याला ऐकायला मिळतं ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं आहे. त्या तीन मिनिटांनी आजही अंगावर काटा येतो. मग पंचेचाळीस मिनिटं कमी कशी? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. तबकडीचं गाणं हे अर्क असतं. ज्याने शेकडो रात्री गाऊन एक राग सगळ्या बाजूंनी पाहिला आहे त्याला तो तीन मिनिटांत सांगता येतो. पण अर्क काढायला आधी फुलं लागतात, आणि त्या रात्रीच नसतील तर पुढच्या पिढीने अर्क कशाचा काढायचा? शिवाय तबकडीवर गाणाऱ्याला माहीत होतं की वेळ तीनच मिनिटं आहे, मांडणी त्याच बेताने केलेली असायची. आमच्या मंचावर तासाभराचं आमंत्रण देऊन चाळिसाव्या मिनिटाला चिठ्ठी येते.

दुसरं उत्तर असं की ग्वाल्हेरची गायकी मुळातच आटोपशीर, एकाच रागात दीड तास घोळत बसणं हा आमचा स्वभाव नव्हे. हे खरं आहे, आणि म्हणूनच वेळ जास्त हवा. आमच्या गायकीची बैठक अनेक रागांची असते. एक बडा ख्याल, जोडीला छोटा, मग तराणा, मग दुसरा राग, मग टप्पा, शेवटी भजन. टप्पा हे तर ग्वाल्हेरचं खास वैभव. पंजाबी शब्दांवरच्या त्या वळणदार, क्षणभरही न थांबणाऱ्या ताना गायला गळा पूर्ण तापलेला लागतो, म्हणजे तो मैफलीच्या उत्तरार्धातच शोभतो. आणि उत्तरार्धच नसेल तर? माझ्या साथीच्या पहिल्या दहा वर्षांत मी मंचावर जेवढे टप्पे ऐकले त्याच्या निम्मेही नंतरच्या पंधरा वर्षांत ऐकले नाहीत. टप्पा येणारे लोक आहेत, शिकवणारेही आहेत. त्यांना टप्प्यापर्यंत पोहोचू दिलं जात नाही.

आता रात्रीबद्दल. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सवलत देऊ शकतं, इतकंच. रात्रभर चालणारा सवाई गंधर्व महोत्सव याच कारणाने दहाच्या आत यायला लागला. काका या नियमावर दात-ओठ खातात. मी खात नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे किंवा परीक्षेला बसलेलं मूल आहे त्याला झोपायचा हक्क आहे, आणि लग्नाच्या मिरवणुकीतल्या डीजेला जो नियम तोच आम्हालाही लागला पाहिजे. पण हा नियम नीट वाचला तर त्यात गाण्याला जागा ठेवलेली आहे. बंद सभागृहांना तो दहाचा काटा लागू नाही. आणि घरातल्या, ध्वनिक्षेपक नसलेल्या बैठकीचा तर प्रश्नच येत नाही. कलकत्त्याचं डोव्हर लेन संमेलन १९५२पासून चालू आहे आणि आजही जानेवारीत तिथे रात्र-रात्र गाणं-वाजवणं होतं. ज्यांना करायचं होतं त्यांनी वाट काढली. बाकीच्यांनी नियमाचं नाव सांगून रात्र सोडून दिली.

रात्र गेली तिच्याबरोबर काय गेलं हेही सांगायला हवं. आपल्याकडे रागाला प्रहर आहे. सगळेच कार्यक्रम संध्याकाळी सहा ते दहात बसवले की मंचावर यमन, पूरिया, केदार, बागेश्री, फार तर घाईघाईने मालकंस, एवढेच फिरून फिरून येतात. मध्यरात्रीनंतरचा दरबारीचा आंदोलित गंधार, पहाटेआधीची सोहनी, परज, आणि उजाडताना येणारा ललत, हे माझ्या विद्यार्थिनी मोबाइलवर ऐकतात. त्यांच्यापैकी एकीने मला विचारलं होतं, “ताई, ललत खरंच अंधारात ऐकायचा असतो का?” तिने तो फक्त दुपारी, बसमधून येताना, कानात बोंडं घालून ऐकला होता. मी तिला काय सांगणार होते?

मी सांगितलं ते माझ्या आयुष्यातल्या मैफलीबद्दल. टपरीवर मला कुणी विचारलं नाही, इथे सांगते.

२००२च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मध्य प्रदेशात वीज जाणं रोजचं होतं. लष्करमधल्या एका जुन्या वाड्यात दत्तजयंतीला दरवर्षी गाणं असायचं. गाणारे कुणी नामवंत नव्हते. संगीताच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर, त्यांचं नाव शहराबाहेर कुणाला ठाऊक नसेल. दत्तजन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि साडेनऊला मास्तर बसले. बिहाग सुरू केला. अर्ध्या तासाने दिवे गेले. माइक मेला. कुणीतरी आतून दोन कंदील आणले. मास्तर थांबतील असं आम्हाला वाटलं, पण त्यांनी नुसती मान वळवून तबलजीला खूण केली की चालू ठेव.

आणि मग मागे बसलेली माणसं पुढे सरकायला लागली. आवाज ऐकू येईना म्हणून. आधी एक जण, मग चार, मग सगळेच. सतरंजी पुढे गोळा झाली. पाच-सहा मिनिटांत सगळी बैठक मास्तरांच्या गुडघ्यापाशी येऊन बसली होती. एक आजी तर माझ्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला जवळजवळ टेकून बसल्या होत्या. माणसं जवळ आली तशी मास्तरांनी लय कमी केली. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. भोपळ्यातून येणारा गंधार आणि त्यांचा गंधार एकच झाला तेव्हा मी तारा छेडते आहे हेही मला विसरायला झालं.

वीज रात्रभर आली नाही. कुणी उठलं नाही. बिहागानंतर मालकंस झाला, दोन तराणे झाले, मध्ये आल्याचा चहा आला, काकांनी हट्ट धरून एक टप्पा म्हणवून घेतला, आणि खिडकीतून उजेड यायच्या आत मास्तरांनी ललत धरला. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी कंदील विझवला.

मास्तर तसे रोजच चांगले गायचे. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमांत मी त्यांना पाच-सात वेळा तरी ऐकलं होतं, आणि खरं सांगते, ते लक्षात राहण्यासारखं नव्हतं. तोच गळा, तीच विद्या. त्या रात्री फरक एवढाच होता की त्यांना कुणी थांबवलं नाही आणि आम्ही कुणी गेलो नाही.

मैफल चांगली होण्यात श्रोत्याचा वाटा असतो असं आपण म्हणतो, पण तो वाटा दाद देण्याचा नसतो, बसून राहण्याचा असतो. या शहराला ते नवीन नाही. शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात असताना हस्सू-हद्दू खाँ हे भाऊ पडद्याआड बसून महिनोन्महिने त्यांची तानबाजी ऐकत राहिले आणि तिच्यातून त्यांची स्वतःची गायकी उभी राहिली, ही आख्यायिका ग्वाल्हेरात प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सांगितली जाते. ती जशीच्या तशी घडली असेल किंवा नसेल. पण आमच्या घराण्याने आपल्या जन्माची म्हणून जी गोष्ट निवडली ती ऐकण्याची आहे, आणि तीही लांबच लांब ऐकण्याची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले तेव्हा तीही आधी इथे वासुदेवबुवा जोशींच्या पायाशी वर्षानुवर्षं बसून मिळवली होती. पुण्या-मुंबईचे श्रोते आज ज्या गाण्याला आपलं म्हणतात त्याची मुळं अशा बसण्यात आहेत.

“आता लोकांकडे वेळच कुठे आहे?” आयोजकांचं हे हुकमी वाक्य. मला ते पटत नाही, आणि त्याचा पुरावा माझा पुतण्याच आहे. तो चोवीस वर्षांचा मुलगा गुडगावहून अहमदाबादला गेला, दिवसभर उन्हात उभा राहिला, आणि दोन तासांचा कार्यक्रम संपल्यावर आणखी हवा होता म्हणाला. त्या बँडला मधेच कुणी चिठ्ठी दिली नाही. त्यांच्याआधी कुणी शाल-श्रीफळ घेतलं नाही. मुख्य कलाकाराला पूर्ण वेळ आणि लोकांचं पूर्ण लक्ष, एवढी साधी गोष्ट त्यांनी पाळली. काका त्याला हसले याचं मला वाईट वाटलं. पुतण्या लाखभर लोकांत उभा राहून जे शोधत होता ते काकांनी पन्नास वर्षांपूर्वी सतरंजीवर बसून मिळवलं होतं. त्याला संयम नाही असं म्हणू नका. तुम्ही त्याला संयम ठेवण्याजोगं काही दिलंत का, ते आधी बघा.

३१ ऑक्टोबर २०२३ला युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्या दिवशी मी घरात साखर वाटली होती. त्याच डिसेंबरात किल्ल्यावर १२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. पुढच्या वर्षी तानसेन समारोहाला शंभर वर्षं झाली तेव्हा ५४६ कलाकारांनी एकाच वेळी वाद्यं वाजवून आणखी एक विक्रम केला. त्या मुलांची मेहनत मी जवळून पाहिली आहे, माझे दोन विद्यार्थी त्यांत होते, आणि किल्ल्यावरून उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोलाचंच होतं. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाला एकट्याने, मनसोक्त, दहा जाणकारांसमोर बसायला कधी मिळणार? संगीताचं शहर म्हणून आपण जगाला काय दाखवायचं, हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे, आणि माझं उत्तर आहे की एकेका कलाकाराला दिलेला वेळ दाखवा.

तानसेन समारोहाबद्दल माझ्या मनात माया आहे. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा आणि मुसलमानांचा मीलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, एकाच सकाळी, एकाच जागी होतात, असा दुसरा समारोह मला माहीत नाही. प्रवेशाला पैसा लागत नाही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचं, गळ्याला चांगलं मानलं जाणारं पान तोंडात टाकून मंचाकडे जाणारा गायक बघितला की मला आजही भरून येतं. म्हणूनच मागणं आहे. एका सभेत चार-पाच कलाकार बसवण्याऐवजी दोनच बसवा. सत्कार आणि भाषणं गाण्याच्या आधी नकोत, दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळी ठेवा. ज्यांना यायचं ते तिथे येतील. एक सभा सकाळी सहाला सुरू करा, भैरव आणि तोडीसाठी. डिसेंबरात सहाला अंधारच असतो, थंडीही असते, आणि तरीही माणसं येतील, कारण अशी सभा दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

मग उरलेल्यांना संधी कुठे, हा आक्षेप योग्यच आहे. कलाकार निम्मे केले तर पहिला घाव तरुणांवरच बसतो. म्हणून सगळं गाणं डिसेंबरच्या चार-पाच दिवसांत कोंबण्याची सवय सोडायला हवी. वर्षाला बारा महिने आहेत. १९१८साली स्थापन झालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठ आहे, लष्करमध्ये वाडे आहेत, मंदिरं आहेत. दर महिन्याला एका बंद सभागृहात एकच तरुण कलाकार, रात्री नऊपासून, घड्याळ न लावता. साठ माणसं आली तरी पुष्कळ. तिशीच्या मुलीला पाच हजारांच्या मंडपात चाळीस मिनिटं देण्यापेक्षा साठ जणांत तीन तास द्या. ती काय गाते ते तिलाही कळेल आणि आम्हालाही.

आणि श्रोत्यांनी? आपल्या वादाची रीत बदलायला हवी. “मी अमुक पंडितजींना ऐकलंय” एवढ्यावर थांबू नका. काय गायले, किती वेळ गायले, मी शेवटपर्यंत होतो की पार्किंगच्या भीतीने आधी उठलो, हेही सांगा. गेल्या वर्षभरात ऐकलेल्यांत उत्तम कोण, हा प्रश्न आधी घ्या आणि मग गेलेल्यांकडे जा. नावाजलेला कलाकार शेवटी असतो म्हणून आठ वाजता येणारे श्रोते मी मंचावरून बघते. सहाच्या मुलीपुढे रिकाम्या खुर्च्या असतात, आणि तिच्या पाठीवर त्या खुर्च्या मला दिसतात. तुमची पुढची मोठी आठवण कदाचित त्याच सहाच्या सभेत घडणार असेल. पण तुम्ही तिथे नव्हता.

या सगळ्यावर टपरीवर मी अखेर बोलले. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मग तू कर ना सुरुवात. वाडा गेला, पण तुझी वरची खोली आहे.” खोली मोठी नाही, चाळीस माणसं दाटीवाटीने बसतील. केदार अर्धा राहिला होता त्या गायिकेला मी फोन केला. तिने तारीख विचारली, मानधन विचारलं नाही, ते मी सांगितलं. पुतण्या दोन दिवसांची सुट्टी काढून येणार आहे.

येत्या दत्तजयंतीच्या रात्रीची पत्रिका छापायला दिली आहे. सुरू होण्याची वेळ नऊ. छापखान्यातला मुलगा विचारत होता, “आणि संपण्याची?” ती ओळ मी त्याला कोरी सोडायला सांगितली आहे.